चिरंजीव खिडक्या करतात

मुलगा काय करतो, या प्रश्नाला ज्यांना एका शब्दात उत्तर देता येतं ते आईबाप भाग्यवान. डॉक्टर आहे, वकील आहे, बँकेत आहे, एस. टी.त आहे, विषय संपला. ऐकणारा समाधानाने मान डोलावतो आणि चहाला लागतो. 'काहीच करत नाही' हेसुद्धा एका परीने स्वच्छ उत्तर आहे. ऐकणारा "हल्लीची मुलं..." एवढंच म्हणून सहानुभूतीने दुसरा लाडू उचलतो. आमच्या चिरंजीवांनी मात्र मला अशा ठिकाणी आणून उभं केलं होतं, की उत्तर तयार असायचं, पण ते दिल्यावर समोरच्याची मान ना उभी डोलायची ना आडवी. ती नुसती तिरकी व्हायची.

रोह्याहून एक गृहस्थ आपल्या मुलीसाठी चौकशीला आले होते. पोहे झाले, हवापाणी झालं, यंदाचा आंब्याचा मोहोर झाला. मग त्यांनी घसा साफ केला.

"चिरंजीव काय करतात?"

"खिडक्या करतात," मी म्हणालो.

"अरे वा! स्वतःचा कारखाना? लाकडी की ॲल्युमिनियमच्या?"

"तशा नव्हेत. कॉम्प्युटरच्या."

"म्हणजे विंडोज?" ते जरा गोंधळले. "ती तर झालेली आहे ना? आमच्या पतपेढीत आहे."

आता यावर काय बोलणार? मी खिडकीकडे पाहिलं. तिथेही पाहण्यासारखं काही नव्हतं, कारण आमच्या त्या खिडकीला त्या वेळी निळं प्लॅस्टिक ठोकलेलं होतं. पाहुण्यांनीही तिकडे पाहिलं. ज्या घरातला मुलगा खिडक्या करतो त्या घराला खिडकी नाही, हे त्यांनी मनात टिपून घेतलेलं मला स्पष्ट दिसलं.

ही वेळ माझ्यावर का आली, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

तळा म्हणजे रायगड जिल्ह्यातलं डोंगराच्या कुशीतलं तालुक्याचं गाव. मुंबई-गोवा रस्त्यावर इंदापूरला उतरायचं आणि आत वळायचं. हे इंदापूर म्हणजे पुणे जिल्ह्यातलं नव्हे. हा खुलासा आम्हाला जन्मभर करावा लागतो. न केल्यास मुंजीला निघालेले पाहुणे उजनी धरणापाशी पोचतात. गावाच्या डोक्यावर तळगड आहे. १६६५ साली पुरंदरच्या तहात महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले आणि १२ त्यांनी राखले. त्या १२ मध्ये आमचा तळगड होता. तात्पर्य, महाराजांनीही ज्याच्यावर पाणी सोडलं नाही असं हे ठिकाण. तिथे आमचं सामायिक घर आहे, आणि त्याच्यावर मात्र आमच्या भाऊबंदांनी केव्हाच पाणी सोडलेलं आहे.

मुंबईच्या एका कचेरीत ३४ वर्षं काढून, हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन मी इथे येऊन राहिलो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा चिरंजीवही एक लॅपटॉप आणि चार कपडे घेऊन एकवीस दिवसांसाठी म्हणून आले. त्या एकवीस दिवसांचं पुढे काय झालं, ते सगळ्या देशाला माहीत आहे.

जूनच्या ३ तारखेला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन-मुरूडच्या बाजूने किनाऱ्यावर चढून ते आमच्या डोक्यावरून गेलं. आम्ही तिघं देवघरात बसलो होतो. वर कौलं उडत होती आणि खाली आमची ही रामरक्षा म्हणत होती. दोन्हींचा वेग सारखाच वाढत होता. एकदम धाडकन आवाज झाला. माजघराची पश्चिमेची खिडकी, झडपा, गज आणि चौकटीसकट, आत येऊन पडली. पणजोबांच्या वेळची सागवानी खिडकी ती. तिच्या जागी भिंतीत एक चौकोनी आभाळ राहिलं. त्या आभाळाला मी दुसऱ्या दिवशी निळं प्लॅस्टिक ठोकलं. वीज यायला किती दिवस लागले, ते मोजणं मी नंतर सोडून दिलं.

वीज आली आणि आठवड्याभरात चिरंजीवांची नोकरी गेली. ज्या कामावर ते होते ते कामच कंपनीने बंद केलं. "हरकत नाही," चिरंजीव म्हणाले, "मला एक लायब्ररी करायचीच होती."

हे आमच्या हिने स्वयंपाकघरातून ऐकलं आणि नेहमीच्या मार्गाने ते गावभर झालं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा घेऊन आल्या. "तेवढाच आमचा हातभार," त्या म्हणाल्या. परत कसा पाठवणार? तो अजून माळ्यावर आहे.

मग एका संध्याकाळी मी चिरंजीवांना झोपाळ्यावर शेजारी बसवून सरळ विचारलं, "ही लायब्ररी म्हणजे काय भानगड आहे?"

"सोपं आहे, बाबा."

हे वाक्य मी फार ओळखून आहे. मला आजवर जे जे म्हणून समजलेलं नाही, ते सगळं याच वाक्याने सुरू झालेलं आहे.

"समजा, तुम्ही एक प्रोग्रॅम लिहिलात."

"लिहिला."

"तो माणसाला दिसायला पडद्यावर खिडकी लागते. विंडोजवर ती मागायची एक पद्धत, मॅकवर दुसरी, लिनक्सवर तिसरी. म्हणजे खरं तर लिनक्सवर तिसरी आणि चौथी. आता प्रत्येकाने चारी पद्धती शिकत बसायचं का? म्हणून माझी लायब्ररी मधे बसते. तुम्ही तिला एकदाच सांगायचं, मला एवढी रुंद, एवढी उंच खिडकी दे. पुढे ज्याला ज्या भाषेत सांगायचं, त्या भाषेत ती सांगते. खिडकी उघडणं, हलवणं, लहानमोठी करणं, आणि काल जिथे होती तिथे आज पुन्हा मांडणं, एवढंच काम. याला म्हणतात क्रॉस-प्लॅटफॉर्म."

प्लॅटफॉर्म क्रॉस करणं मला नवं नव्हतं. दादरला मी ३४ वर्षं दुसरं काय केलं? मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर जाणारा तो पूल मी दिवसातून दोनदा चढलो आहे. पण त्याबद्दल मला पगार रेल्वेने कधी दिला नाही.

"म्हणजे दुभाष्या," मी म्हणालो.

"दुभाष्या, दलाल आणि थोडासा भटजी."

"पण अशी लायब्ररी आधी कुणी केलीच नाही?"

"केल्यात की. नॉर्वेतल्या दोघांची क्यूटी आहे, १९९५ सालची. एसडीएल १९९८ ची, जीएलएफडब्ल्यू २००२ ची. उत्तम आहेत. पण क्यूटी म्हणजे अख्खं घर आहे, भांड्याकुंड्यांसकट. बाकीच्या दोन्ही मुख्यतः खेळ आणि चित्रं डोळ्यासमोर ठेवून केलेल्या. मला पाचसहा खिडक्यांची नीट मांडामांड ठेवणारी, एवढीशी हवी होती. ती सापडली नाही, म्हणून करतोय."

"आणि विकणार केवढ्याला?"

"विकणार नाही. फुकट."

झोपाळा मी पायाने थांबवला. रोह्याच्या गृहस्थांना सगळं समजावता येईल, पण हा शब्द कसा समजावणार, याच विचारात मी त्या रात्री जागा होतो. जाग यायला डासांचीही मदत होती. प्लॅस्टिक एका कोपऱ्यात सुटलेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी या विषयाचा अभ्यास सुरू केला. शत्रूची माहिती काढावी, तशी मी खिडक्यांची माहिती काढली. आणि सांगतो काय, हे सगळं प्रकरण म्हणजे हुबेहूब आमची भाऊबंदकी निघाली.

मूळ घराणं अमेरिकेतलं. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत १९७३ साली आल्टो नावाचा कॉम्प्युटर झाला, आणि त्याच्या पडद्यावर पुढे खिडक्या उघडू लागल्या. १९७९ साली ॲपल कंपनीचे बिल ॲटकिन्सन ती प्रयोगशाळा पाहायला गेले. तिथे खिडक्या एकमेकींवर चढलेल्या पाहून ते समजले, की मागची अर्धवट झाकलेली खिडकीसुद्धा यांना तशीच्या तशी रंगवता येते. घरी येऊन त्यांनी डोकेफोड केली आणि ती युक्ती शोधून काढली. पुढे कळलं, झेरॉक्सवाल्यांना ती साधलेलीच नव्हती! शेजाऱ्याकडे आहे अशा समजुतीने आपल्याकडे वस्तू आणण्याचा प्रकार आमच्या आळीत रोज चालतो. पण त्यातून शोध लागल्याचं मला माहीत असलेलं हे एकच उदाहरण.

मग वाटण्या झाल्या. १९८४ च्या जानेवारीत ॲपलने मॅकिंटॉश आणला. त्याच वर्षी एमआयटी या विद्यापीठात 'एक्स' नावाची खिडक्यांची पद्धत जन्मली; तीच पुढे लिनक्सच्या वाट्याला आली. आणि १९८५ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टची पहिली विंडोज आली. तिच्यातले प्रोग्रॅम एकमेकांवर चढत नसत. फरशा बसवाव्यात तशा त्यांच्या खिडक्या शेजारीशेजारी बसत. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्याही चढू लागल्या. चांगल्या घरातले असे संस्कार टिकत नाहीत, हे आम्ही लग्नानंतर सगळीकडेच पाहतो.

आता आमची वाटणी सांगतो. थोरले अण्णा डोंबिवलीला, मधले भाऊ पुण्याला, धाकटा चुलतभाऊ बडोद्याला आणि मी तळ्यात.

विंडोज म्हणजे साक्षात आमचे अण्णा. विंडोज प्रत्येक खिडकीच्या नावाने सतत निरोप धाडत असते. माऊस इथे आला, कळ दाबली, अंग झाकलं गेलंय, पुन्हा रंगव. प्रोग्रॅमने ते निरोप एकामागून एक उचलत राहायचं. पाचएक सेकंद उचलले नाहीत, तर विंडोज त्या खिडकीच्या कपाळावर 'नॉट रिस्पॉन्डिंग' असं लिहून मोकळी होते. आमच्या अण्णांचा फोन तीन घंट्यांत उचलला नाही, की ते पुण्याला कळवतात, "त्याचं काही खरं दिसत नाही."

मॅक म्हणजे पुण्याचे भाऊ. खिडकीविषयी जे काय बोलायचं ते प्रोग्रॅममधल्या मुख्य धाग्याने, म्हणजे कर्त्या माणसानेच बोललं पाहिजे. दुसऱ्या कुणी मध्येच तोंड घातलं तर प्रोग्रॅमच बंद पडतो. शिवाय खिडकी बंद करायचं बटण विंडोजमध्ये उजवीकडे, तर यांचं डावीकडे. खिडकी लावली तरी यांचं दुकान आत चालूच. आणि सगळ्यात वर म्हणजे सगळ्यात खाली! विंडोज आणि लिनक्सवर खिडकीची जागा वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजतात, मॅकवर खालच्या डाव्या कोपऱ्यापासून. चिरंजीवांनी पहिल्याच दिवशी 'वरून शंभर' म्हणून सांगितलेली खिडकी मॅकने 'खालून शंभर' अशी निमूटपणे तळाला नेऊन ठेवली. आमचे भाऊही कुठलाही हिशेब शेवटच्या ओळीपासून वाचतात.

आणि लिनक्स म्हणजे बडोदा. तिथे खिडकी मागितली तर देणारा एक आणि ती कुठे, केवढी बसवायची ते ठरवणारा दुसराच. त्याला विंडो मॅनेजर म्हणतात. तो ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे वेगळा, आणि असे डझनांनी आहेत. प्रोग्रॅमने नुसती इच्छा कळवायची. तो ऐकेल किंवा ऐकणार नाही. बडोद्याच्या धाकट्याचंही हेच. "माझं काही म्हणणं नाही रे दादा, हिला विचारून सांगतो."

त्या एक्सच्या जागी हळूहळू वेलँड नावाची नवी पद्धत आली आहे. २००८ साली तिची सुरुवात झाली. ती म्हणजे अगदी नवी सून. चिरंजीव काम करत होते त्या काळात तरी तिची शिस्त अशी होती, की आपण पडद्यावर नेमक्या कुठे आहोत, हे खिडकीला विचारायची सोय नाही, आणि मला अमुक ठिकाणी बसव असं सांगायचीही सोय नाही. एका खिडकीने दुसरीच्या घरात डोकावू नये म्हणून हा बंदोबस्त. हेतू चांगला, पण काल जिथे होती तिथेच आज खिडकी मांडून द्यायची, हेच ज्याचं काम, त्याने काय करावं?

"मग तू त्याला ठणकावून का सांगत नाहीस?" मी एकदा चिडून विचारलं. ३४ वर्षं मी सूचना, ज्ञापनं आणि स्मरणपत्रं काढत आलो आहे. त्वरित अनुपालन व्हावे, हे माझं आवडतं वाक्य.

"बाबा, पडदा माझा नाही," चिरंजीव म्हणाले. "घर त्यांचं, मी पाहुणा. इथे हुकूम चालत नाही. मागणी करायची, काय मिळालं ते पाहायचं आणि मिळालेल्यात नीट बसायचं. नाव मॅनेजमेंट आहे, पण काम सगळं विनंतीचं आहे."

मी गप्प बसलो. कारण माझ्या टेबलाच्या खणात तेव्हा तीन पत्रांच्या प्रती पडलेल्या होत्या. माजघर सामायिक, म्हणून खिडकीचा खर्च चौघांचा. ऑगस्टात मी तिघांनाही एकाच मजकुराचं पत्र पाठवलं होतं, की सदरहू खिडकीच्या दुरुस्तीपोटी आपल्या वाट्याची रक्कम त्वरित पाठवावी. त्वरितला चार महिने झाले होते.

दिवाळी झाल्यावर खिडकीचं माप घ्यायला मी सुतारांना बोलावलं. पैशांचा पत्ता नव्हता, पण माप फुकट असतं. हे गृहस्थ वयाने माझ्याएवढेच. त्यांनी भिंतीतल्या भोकाला टेप लावला, वर लावला, खाली लावला आणि मान हलवली. "वर साडेतीन फुटाला पाव इंच कमी, खाली अर्धा इंच जास्त. घरच काटकोनात नाही, काका."

चिरंजीवांनी लॅपटॉपवरून मान वर केली. "मग चौकट कशी करणार?"

"काटकोनातच करणार. मग जागेवर बसवताना रंधा मारायचा. भिंत म्हणेल तसा."

"माझंही तसंच आहे," चिरंजीव उत्साहाने म्हणाले. "मी पण खिडक्याच करतो."

"कसल्या मापाने?"

"पिक्सेल."

"एक पिक्सेल म्हणजे केवढं?"

"ते पडद्यावर अवलंबून. एखाद्या पडद्यावर दीडपट करून धरायचं, एखाद्यावर दुप्पट. खिडकी एका पडद्यावरून शेजारच्या पडद्यावर सरकवली तर वाटेत माप बदलतं."

सुतारांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "म्हणजे तुमचा गज घराघरात वेगळा?"

"हो."

"अवघड आहे बाळा तुझं," ते म्हणाले. इतक्या महिन्यांत चिरंजीवांच्या कामाबद्दल कुणी मनापासून काढलेला हा पहिला सहानुभूतीचा उद्गार. त्यानंतर ते दोघं पाऊण तास बोलत होते. मी चहा आणून दिला.

फुकटचा प्रश्न मात्र मला छळत होता. माणसाने कष्ट करावेत, पण त्याची पावती असावी. म्हणून एका रविवारी मी चिरंजीवांना कुडा लेणी पाहायला घेऊन गेलो. लेणी आमच्याच तालुक्यात, मांदाडच्या खाडीवर. हेतू असा, की शांत ठिकाणी बसवून त्यांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगाव्यात. तिथे २६ लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला घेतलेली. भिंतींवर ब्राह्मी लिपीत ती कुणी दान दिली त्यांची नावं आहेत. राजघराण्याच्या आसपासचे लोक आहेत, तसा एक वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, फुलं विकणारा माळीसुद्धा आहे. पावसाळ्यात भिक्षूंना डोक्यावर छप्पर असावं म्हणून या लोकांनी डोंगर पोखरून घेतला. हे सगळं मीच त्यांना मोठ्या अभिमानाने सांगितलं.

चिरंजीव खाडीकडे पाहत होते. "बाबा, त्या माळ्याने भाडं किती घेतलं?"

व्यवहाराच्या चार गोष्टी मी तशाच परत घेऊन आलो.

पण घरी यायला उशीर झाला आणि रात्री बाराला पाहिलं तर चिरंजीव दिव्याखाली बसलेले. लांब दक्षिण अमेरिकेतून कुणीतरी तक्रार केली होती. तो गृहस्थ दोन पडदे जोडून काम करायचा. एके दिवशी त्याने दुसरा पडदा काढून ठेवला. लायब्ररीने मात्र इमानाने खिडकी कालच्या जागी, म्हणजे त्या नसलेल्या पडद्यावर नेऊन उघडली. खिडकी उघडी होती, चालू होती, पण कुणाला दिसत नव्हती.

"प्रोग्रॅम आपल्या परीने व्यवस्थित चाललाय," चिरंजीव डोळे चोळत म्हणाले. "फक्त पडद्याच्या बाहेर."

मी काही बोललो नाही. वयाची २९ वर्षं झालेला, दिवसाला दहा तास काम करणारा आणि तरीही कुणाला न दिसणारा एक माणूस माझ्यासमोर निळ्या प्लॅस्टिकला पाठ करून बसला होता. उपाय तसा लहान होता. खिडकी उघडण्याआधी ती जागा अजून पडद्यावर आहे का ते पाहायचं, नसेल तर तिला अलगद आत ओढून घ्यायचं. पहाटे तीनला तो झाला. मी जाऊन चहा टाकला. घरातल्या माणसांच्या बाबतीत हा उपाय आधी का सुचत नाही, कोण जाणे.

सकाळी मी खणातली ती तीन पत्रं फाडली आणि चिरंजीवांच्या पद्धतीने कामाला लागलो. मागणी एकच, पण प्रत्येकाला त्याच्या भाषेत. अण्णांना मी स्वतःहून फोन केला, आणि पुढचे आठ दिवस त्यांचा प्रत्येक फोन पहिल्या घंटेला उचलला. भाऊंना मी एकट्यानेच बोलायचं ठरवलं, घरातल्या दुसऱ्या कुणालाही मध्ये पडू दिलं नाही, आणि हिशेबाचा कागद शेवटच्या बेरजेपासून वर लिहून पाठवला. ते म्हणाले, "प्रथमच तू काहीतरी नीट मांडलंस." बडोद्याला मी भावाला विचारलंच नाही, वहिनींना फोन केला, आधी त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, मग खिडकीची गोष्ट काढली. 'त्वरित' हा शब्द मी एकदाही वापरला नाही. तीन आठवड्यांत तिघांचेही पैसे आले.

२०२१ च्या मार्चमध्ये खिडकी बसली. सुतारांनी काटकोनात चौकट आणली आणि भिंत म्हणेल तसा रंधा मारला. मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याच्या बाजूबाजूने वर गेलं. रात्रभर झडपा थरथरल्या, पण कडी-कोयंडा जागचा हलला नाही. आमची ही सवयीने रामरक्षेला बसली होती, ती मधेच उठून झोपायला गेली.

राहिले रोह्याचे गृहस्थ. तिरकी मान घेऊन ते गेले ते परत येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आठ दिवसांनी, म्हणजे खिडकी बसायच्या आधीच, ते मुलीला घेऊन आले. मुलगी पुण्याला कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवरच होती. आम्ही वडीलधारी माणसं पत्रिका, गोत्र आणि रोह्याचा पूल यांवर बोलत होतो. तेवढ्यात तिने चिरंजीवांना सरळ विचारलं, "वेलँडवर खिडकीची जागा कशी लक्षात ठेवता?"

मी श्वास रोखला. इतक्या महिन्यांत हा प्रश्न समजणारं माणूस प्रथमच आमच्या उंबऱ्याच्या आत आलं होतं. आता पोराने काहीतरी भारदस्त ठोकून द्यावं, असं मला बाप म्हणून फार वाटलं.

"नाही ठेवता येत," चिरंजीव म्हणाले. "तिथे मी नुसती रुंदी-उंची लक्षात ठेवतो आणि जागेचं त्याच्यावर सोडतो. तसं माहितीपत्रकात लिहून ठेवलंय."

मुलगी हसली. तिचे वडील मला हळूच म्हणाले, "नाही म्हणाला ना? गेलं वाटतं स्थळ." गेलं नाही. काही माणसांना 'येत नाही' असं सरळ सांगणारा माणूस आवडतो, ही गोष्ट आमच्या कचेरीत कधी कुणाच्या अनुभवाला आली नव्हती. पुढे ज्यांना खिडक्या लागत होत्या त्यांच्यापैकीच एकांनी चिरंजीवांना नोकरी दिली, तीही घरून करायची. पण लग्न त्याच्या आधीच ठरलेलं होतं, हे मी मुलीकडच्यांच्या बाजूने मुद्दाम नमूद करून ठेवतो.

परवा चिरंजीव माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांच्या लायब्ररीवर चालणारा हिशेबाचा एक प्रोग्रॅम घालून गेले. संध्याकाळी मी तो उघडला आणि दुधाचं बिल लिहायला लागलो. चिरंजीव मागे येऊन उभे राहिले.

"कशी वाटली?"

"काय?"

"खिडकी."

"कुठली खिडकी? मी दुधाचा हिशेब लिहितोय."

ते एवढे खूश झालेले मी त्यांना दहावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "बाबा, दिसली नाही ना? मग बरोबर झाली."

तेवढ्यात आतून हिचा आवाज आला, "अहो, दिवेलागण झाली. ती खिडकी लावा आधी, डास येतायत!"

आम्ही दोघांनीही पहिल्यांदा कॉम्प्युटरकडे पाहिलं.